सभा आणि दरबार : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रातील एक अधिकारप्रश्न

१

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा परिचय मराठी वाचकाला सामान्यतः दोन वाटांनी होतो. शालेय क्रमिक पुस्तकांतून भेटणारे 'फुलामुलांचे कवी' ही पहिली वाट, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तून भेटणारे उदार, कोपिष्ट, विसरभोळे आणि विलक्षण माणूसवेडे गृहस्थ ही दुसरी. या दोन्ही प्रतिमा खऱ्या असल्या तरी त्यांच्या आड टिळकांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा संघर्ष झाकला गेला आहे. ख्रिस्ती मंडळीच्या कारभारात कोणी बोलायचे, कोणाच्या बोलण्याने निर्णय व्हायचा आणि कोणी नुसतेच ऐकून घ्यायचे, या प्रश्नाभोवती हा संघर्ष फिरतो. टिळकांच्या धर्मांतराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. धर्मांतरानंतर ज्या संस्थेत ते गेले तिच्या रचनेशी त्यांचे नाते कसे होते, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडी झाली आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची मांडणी या एका प्रश्नाच्या अनुरोधाने करण्याचा प्रयत्न आहे.

२

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई यांच्याकडून भक्तीचा आणि कवितेचा संस्कार मुलाला मिळाला. आई लवकर गेली, आणि घराशी असलेला नारायणरावांचा धागा तुटल्यासारखा झाला. नाशिकला येऊन त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र अर्धवट राहिले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या मनकर्णिकाच पुढील लक्ष्मीबाई होत.

पुढची दहा-बारा वर्षे भटकंतीची होती. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, संपादक अशा अनेक भूमिका त्यांनी केल्या. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे धर्मचर्चेचे मासिक चालविले. जातिभेद मोडल्याखेरीज आणि धर्माची पुनर्रचना झाल्याखेरीज या देशाचा उद्धार नाही, हे मत या काळातच त्यांच्या मनात पक्के होत गेले. त्यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावताना हे विसरता येणार नाही, कारण धर्मांतराच्या आधीच धर्माकडे ते समाजरचनेचा प्रश्न म्हणून पाहू लागले होते.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने निघाले होते. हा लोहमार्ग भंडाऱ्याच्या पट्ट्यातून गोंदियामार्गे छत्तीसगडात उतरतो. मुर्रीसारख्या गोंदियालगतच्या गावांना ही गाडी आजही रोजच्या परिचयाची आहे. गोंदिया त्या काळी मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये अस्तित्वात आला. मराठी जिथे हिंदी-छत्तीसगढीत मिसळते अशा या सीमाप्रदेशातून जाणाऱ्या गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांचे बोलणे झाले. या प्रवाशाने त्यांच्या कवितेची आणि संस्कृताची आस्थेने चौकशी केली आणि निरोप घेताना 'नवा करार' वाचण्याची विनंती केली. ते अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी होते, असे पुढे दाखविण्यात आले. या भेटीचा चमत्कारिक भाग चरित्रकारांनी रंगवून सांगितला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील साधी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या डब्यात दोन माणसे समोरासमोर बसून बरोबरीच्या नात्याने बोलली. एक मिशनरी आणि एक हिंदी विद्वान यांच्यातील असा बरोबरीचा संवाद पुढे संस्थेच्या चौकटीत टिळकांना क्वचितच लाभला.

'नवा करार' वाचताना डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाचा ठाव घेतला. दोन वर्षांच्या वाचन-चिंतनानंतर, अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्या परिचयातून, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डॉ. अ‍ॅबट हे पुढे महाराष्ट्रातील संतकवींचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आले. बाप्तिस्मा मात्र परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता हिंदी पाळकाच्याच हातून घ्यावयाचा असा टिळकांचा आग्रह होता, आणि रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो दिला. मंडळीत पाऊल टाकतानाच तिच्या अधिकाराविषयी त्यांनी केलेले हे पहिले विधान म्हणता येईल.

३

टिळक ज्या संस्थेत आले तिची घडण येथे थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनची स्थापना १८१३ मध्ये मुंबईत झाली. १८३१ मध्ये तिने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे केले, आणि पुढे तेच तिचे प्रमुख केंद्र झाले. हे मिशन अमेरिकेतील काँग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेत बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःपुरती स्वयंपूर्ण असते, आपला पाळक आपण निवडते, आपले सभासद आपण घेते, आणि मंडळीच्या सभेत बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदाला मत असते. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे हिंदी पाळक अहमदनगरच्या मंडळ्यांना १८५० च्या दशकातच मिळाले होते. तत्त्वतः पाहिले तर सभासदाला इतका बोलण्याचा अधिकार देणारी रचना त्या काळच्या मराठी समाजात दुसरीकडे शोधावी लागेल.

परंतु ही एकच सभा नव्हती. मंडळीच्या सभेच्या वर, किंबहुना तिच्या बाजूला, मिशनची सभा होती. या दुसऱ्या सभेचे सभासद बोस्टनच्या मंडळाने नेमलेले मिशनरी होते. शाळा कोठे काढायची, कोणत्या गावी उपदेशक पाठवायचा, कोणाला किती पगार द्यायचा, कोणाची बदली करायची, अमेरिकेहून आलेला पैसा कसा वाटायचा, हे सारे या सभेत ठरत असे. मराठी मंडळ्या गरीब होत्या. त्यांतील बहुसंख्य सभासद महार व मांग समाजांतून आलेले होते, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर अनाथ मुले व निराधार कुटुंबे यांची त्यांत मोठी भर पडली. अशा मंडळीला आपल्या पाळकाचा पूर्ण पगार देणे शक्य नसे. तो मिशनकडून येई. पाळक निवडण्याचा अधिकार मंडळीचा, पण त्याच्या उपजीविकेचा अधिकार मिशनचा, अशी ही विभागणी होती.

येथेच या प्रश्नाचे मूळ आहे. ज्या सभेत हिंदी ख्रिस्ती माणसाला बोलता येत होते तेथे फारसे काही ठरत नव्हते, आणि जेथे ठरत होते तेथे त्याला बसावयास जागा नव्हती. यात एखाद्या मिशनऱ्याचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे, मुंबईतच जन्मलेले आणि हिंदी लोकांविषयी खरा जिव्हाळा असलेले मिशनरी या संस्थेत होते. टिळकांना अहमदनगरला आणून ईश्वरज्ञानशाळेत अध्यापक म्हणून काम त्यांच्याच सहवासात मिळाले. प्रश्न व्यक्तींच्या सद्भावाचा नव्हता, रचनेचा होता. सद्भावनेने वागणारा धनीदेखील धनीच राहतो, हे टिळकांना हळूहळू उमगत गेले.

४

अहमदनगरातील टिळकांचे आयुष्य बाहेरून पाहता यशाचे होते. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले, आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिले. १८४२ मध्ये सुरू झालेल्या या पत्राचा मराठी ख्रिस्ती समाजातील दबदबा लक्षात घेतला तर, बोलायला जागा नाही अशी तक्रार टिळकांनी करावी हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल.

परंतु पत्रातील लेखणी आणि सभेतील मत या भिन्न गोष्टी आहेत. पत्रात मत मांडता येते, सभेत निर्णय करता येतो. टिळकांनी 'ज्ञानोदया'तून हिंदी ख्रिस्ती माणसाच्या स्वाभिमानाचा, स्वदेशप्रीतीचा आणि परावलंबनाच्या लाजेचा विषय वारंवार काढला. मिशनऱ्यांनी मालक न राहता सेवक व्हावे, आणि घडवलेल्या माणसांना आपल्या पायांवर चालू द्यावे, हा त्यांच्या गद्याचा आणि काही पद्यांचाही आशय आहे. त्यांनी हे सारे मिशनच्याच पत्रातून लिहिले आणि मिशनने ते छापू दिले, ही गोष्ट दोन्ही पक्षांना शोभा देणारी आहे. तरीही लिहून झाल्यावर निर्णयाचे दार होते तेथेच राहिले.

हा अनुभव एकट्या अहमदनगरचा नव्हता. १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेस सुमारे १२०० प्रतिनिधी उपस्थित होते. त्यांत आशियातील प्रतिनिधींची संख्या वीसदेखील नव्हती. ज्यांच्या देशांविषयी दहा दिवस चर्चा चालली त्यांच्यातील मूठभरांनाच त्या व्यासपीठावर उभे राहता आले. दक्षिण हिंदुस्थानातून गेलेले व्ही. एस. अझरिया यांनी तेथे मिशनरी आणि हिंदी कार्यकर्ता यांच्यातील दुराव्याचा उल्लेख करून मैत्रीची मागणी केली, आणि त्या भाषणाने सभेत अस्वस्थता पसरली. टिळक जे मराठीत मांडत होते त्याचा व्यापक संदर्भ असा आहे.

५

सभेत जे साधत नव्हते ते टिळकांनी गाण्यात साधले, असे म्हणावेसे वाटते. मराठी मंडळीच्या उपासनेत तोपर्यंत गायिली जाणारी बरीच गीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळकांनी अभंग, ओवी, पदे आणि भजने यांच्याद्वारे त्या प्रयत्नाला काव्याची उंची दिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःची धारणा होती, आणि त्यांच्या अभंगांची घडण या धारणेला साक्ष देते. ज्या खेडूत सभासदाला मंडळीच्या सभेत उभे राहून बोलण्याचा धीर नव्हता, ज्या बाईला तेथे बोलण्याची सवयच नव्हती, त्यांच्या तोंडी दर रविवारी टिळकांचे शब्द येऊ लागले. उपासनेतील सामुदायिक गायन हा बोलण्याचाच एक प्रकार मानला तर टिळकांनी मराठी मंडळीला तिची वाचा दिली, हे विधान अतिशयोक्त ठरू नये. १९०९ मध्ये त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य रचावयास घेतले, तेही याच भूमिकेतून.

तथापि या ठिकाणी एक प्रश्न अभ्यासकाने स्वतःला विचारला पाहिजे. टिळकांचा आवाज इतका दूरवर ऐकू गेला त्याचे कारण केवळ त्यांची प्रतिभा होते काय? संस्कृताचे अध्ययन, कीर्तनाची तालीम, छापखान्याशी परिचय आणि ब्राह्मण कुळातील जन्म यांमुळे मिशनरीही त्यांचे ऐकत आणि मंडळीबाहेरचे सुशिक्षित हिंदूही. हीच मते एखाद्या खेड्यातील महार किंवा मांग उपदेशकाने मांडली असती तर तितक्याच अदबीने ऐकली गेली असती असे म्हणणे कठीण आहे. टिळकांनी जातिभेदाचा कडाडून निषेध केला आणि स्वतःच्या घरात तो मोडून काढला. त्यासाठी लक्ष्मीबाईंना किती मानसिक झगडा करावा लागला हे 'स्मृतिचित्रे'त नमूद आहे. पण हिंदी ख्रिस्ती समाजाच्या वतीने बोलणारा माणूस त्या समाजातील बहुसंख्यांच्या अनुभवातून आलेला नव्हता, ही वस्तुस्थिती शिल्लक राहते. मिशनचा पगार टिळकांना बेडीसारखा वाटला. खेड्यातील उपदेशकाला तोच पगार गावकीच्या वेठीतून सुटण्याचा मार्ग वाटला असणे शक्य आहे. परकीय सत्तेविरुद्ध बोलण्याचा अधिकार आणि स्वकीय सत्तेविरुद्ध बोलण्याचा अधिकार हे दोन्ही एकाच वेळी पाहिल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही.

६

१९१७ मध्ये टिळकांनी निर्णायक पाऊल उचलले. सप्टेंबरात त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' ही कल्पना मूर्त करण्याचा प्रयत्न आरंभिला. हा संन्यास रूढ अर्थाने गृहत्यागाचा नव्हता. पगार, पद आणि हुद्दा यांचा तो त्याग होता. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसू शकत होते. तेथे मिशनरी आणि हिंदी, पाळक आणि सामान्य सभासद, असा भेद अभिप्रेत नव्हता. सगळे सेवक आणि ख्रिस्त हा एकच राजा, अशी त्याची धारणा होती. वारकऱ्यांच्या मेळ्याचा आणि संतांच्या गुरुपरंपरेचा ठसा या कल्पनेवर उघड आहे.

राजीनाम्याचा अर्थ लावताना असे दिसते की, मिशनच्या सभेत आपल्याला खुर्ची मिळावी ही मागणी टिळकांनी अखेर सोडून दिली. ज्या सभेत काही थोडे बसतात आणि बाकीचे बाहेर उभे राहतात ती सभाच त्यांनी नाकारली. ही भूमिका नैतिकदृष्ट्या उंच आहे. व्यवहाराच्या बाजूने मात्र तिच्यात एक उणीव राहिली. 'दरबार' हा शब्दच पाहा. दरबारात मत घेतले जात नाही. तेथे राजाची आज्ञा असते, आणि ती कोणी ऐकली व कोणी सांगायची हे शेवटी कोणाला तरी ठरवावे लागते. टिळक असेपर्यंत ते टिळकच होते. त्यांच्या ओढीने माणसे जमली, परंतु त्यांच्यामागे कारभार चालविणारी घटना किंवा नियमावली रुजली नाही. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्निसंस्कार देण्यात आला. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

भक्तीने सगळ्यांना समान केले तरी त्या समानतेला सभेची शिस्त लागते. शिस्त नसेल तर मोठ्या माणसाचा आवाज गेला की लहानांचे आवाज पुन्हा विरून जातात. टिळकांच्या प्रयोगातून निघणारा हा निष्कर्ष त्यांच्या थोरवीला बाध आणत नाही. उलट, ज्यांना तो प्रयोग पुढे न्यावयाचा असेल त्यांच्यासाठी तो आवश्यक आहे.

७

दरबार विरला, पण टिळकांनी उभा केलेला प्रश्न विरला नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळ्यांसह उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत सामील झाल्या. स्वातंत्र्यानंतर अशा अनेक परंपरांचे मीलन होऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. हा समारंभ नागपुरात पार पडला. ज्या शहरातून निघून टिळक १८९३ मध्ये गोंदियामार्गे राजनांदगावकडे गेले त्याच शहरात हे घडावे, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. या नव्या रचनेत बिशप आले, पण सिनडमध्ये पाळकांबरोबर सामान्य सभासदांच्या प्रतिनिधींनाही स्थान मिळाले. परदेशी मंडळाने नेमलेल्या सभेची जागा येथील माणसांच्या सभेने घेतली. टिळकांनी जी गोष्ट सोडून दिली, म्हणजे सभेतील जागा, ती पुढील पिढ्यांनी चिकाटीने मिळविली. मात्र जागा मिळाल्यावर तेथे खेड्यातील सभासदाचे, स्त्रीचे आणि दलित ख्रिस्ती माणसाचे बोलणे किती ऐकले जाते, हा प्रश्न आजही विचारावा लागतो.

शेवटी लक्ष्मीबाईंचा उल्लेख केल्याशिवाय ही चर्चा पूर्ण होणार नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायना'चे साडेदहा अध्याय लिहून ठेवले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि ते काव्य त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३४ ते १९३६ या काळात निघालेल्या 'स्मृतिचित्रे'ने तर मराठी आत्मचरित्राचा मानदंडच निर्माण केला. औपचारिक शालेय शिक्षण नसलेल्या, आधी सोवळ्याच्या आणि मग मिशनच्या चौकटीत जगलेल्या या स्त्रीने कोणत्याही सभेची परवानगी न घेता बोलून दाखविले. मिशनच्या सभांमध्ये काय ठरले हे आज फार थोड्यांना आठवते. त्या ठरावांचा घरच्या डब्यावर, मुलांच्या शाळेवर आणि रोजच्या बिऱ्हाडावर काय परिणाम होत होता, हे मात्र मराठी वाचकाला लक्ष्मीबाईंमुळे माहीत आहे.

नारायण वामन टिळकांचे चरित्र असे वाचले म्हणजे धर्मांतराची कथा हा त्याचा केवळ पूर्वार्ध ठरतो. उत्तरार्ध हा एका संस्थेच्या आत राहून, आणि शेवटी तिच्या बाहेर पडून, बोलण्याचा अधिकार कोणाचा हे विचारणाऱ्या माणसाचा आहे. त्यांच्या कवितेतील निरागसतेइतकाच हा प्रश्नही मराठी साहित्याच्या अभ्यासकाने आपल्या विचारात घेतला पाहिजे. टिळकांची भक्तिगीते त्याखेरीज पुरती कळणार नाहीत, कारण ती ज्या मंडळीसाठी लिहिली गेली तिच्यातील मुक्या माणसांची जाणीव त्यांच्या मुळाशी आहे.